लहानपणी संस्थेत अत्याचार झाला, तर लोक तेव्हाच का बोलत नाहीत?

‘वीस वर्षांनी बोलतोय म्हणजे खोटं असणार’ हा तर्क ऐकायला सोपा आहे, पण चुकीचा आहे. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने, २०१३ ते २०१७ मध्ये चर्च, शाळा, अनाथाश्रम इथल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. आठ हजारांवर पीडितांचं म्हणणं बंद खोलीत ऐकलं. शपथ नाही, उलटतपासणी नाही. पहिल्यांदा कुणाला तरी सांगायला त्यांना सरासरी जवळपास २४ वर्षं लागली होती!

मुलाचं जेवण, अंथरूण, मार्क, देवसुद्धा ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध ते बोलणार कुणाकडे? ज्याच्यावर अवलंबून, त्यानेच केलेल्या अशा अत्याचाराला मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रेइड विश्वासघाताचा आघात म्हणतात. पुढे त्यांनी ‘संस्थात्मक विश्वासघात’ अशीही संकल्पना मांडली: संस्थेने तक्रार दाबली की त्या दाबण्याचा वेगळा घाव बसतो. चर्चची जुनी कागदपत्रं उघडल्यावर दिसलं तेही हेच. तक्रार आली की पाद्र्याची गुपचूप दुसऱ्या गावी बदली, आणि तिथे पुन्हा मुलं.

म्हणून मानसशास्त्रासोबत संस्थांच्या जुन्या नोंदी आणि कायदाही वाचावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी नुकसानभरपाईच्या दाव्यांची मुदत काढून टाकली ती यातूनच. आपल्याकडेही पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली तक्रार द्यायला मुदतीची अट नाही.