दोन कॅमचं इंजिन बांधताना

मित्रा, आता दोन्ही कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, परत बसवायचेत. ते फिरवणाऱ्या चेनला, ती आत पडू नये म्हणून, तार बांधून ठेवलीस ना? आता तिच्या पोकळीत स्वच्छ कापड कोंब, वॉशर आत पडला तर इंजिन खालून उघडावं लागेल.

क्रँकच्या टोकाच्या मॅग्नेटवरची टीची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) कव्हरवरच्या खाचेसमोर आण आणि आधी एक्झॉस्ट कॅम बसव, मग इनटेकचा. टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, मागे, इनटेककडे असेल तर पुढची चेन पूर्ण ताणलेली हवी आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला गेला पाहिजे. नवशिक्याची चेन कॅमच्या चक्रावर एखादा दात चुकून बसते ती इथेच. चेन सैल असताना कॅमच्या खुणा जुळलेल्या दिसतात, टेन्शनर दाबल्यावर कॅम फिरतो.

कॅमला वरून धरणारी कॅप ज्या जागेची, त्याच जागी. बोल्ट थोडे थोडे, आलटूनपालटून आवळ. एकच बाजू आवळलीस तर कॅप तडकेल, कॅमही वाकेल. अंदाजाने हात मारू नकोस, ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात. मॅन्युअलमधला आकडा आणि टॉर्क रेंच (जोर मोजून आवळायचा पाना) वापर. कॅमवर तेल सढळ हाताने लाव.

टेन्शनर लावल्यावर पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हळूच फिरव. मध्ये अडलं तर जोर लावू नकोस, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला असेल. खुणा पुन्हा जुळल्या की थंड इंजिनवर टॅपेटचं (कॅम आणि व्हॉल्व्हमधलं) अंतर मोज. सेल्फ त्यानंतरच मार.