आधी नोंद, मग ओसीआर: परराष्ट्र धोरणाच्या कागदपत्रांचा शोधता येणारा संग्रह

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भारताचे करार, संयुक्त निवेदनं, संसदेतली उत्तरं अशा सहाशेच्या आसपास पीडीएफ तुम्ही जमवल्या आहेत. त्यातल्या निम्म्या नुसत्या स्कॅन आहेत. हे सगळं कुणालाही ऑनलाइन शोधता यावं अशी इच्छा आहे, तर ओसीआर (स्कॅनच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) कुठलं वापरू आणि सर्चसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

हे काम मी बरीच वर्षं करते आहे, म्हणून कळकळीने सांगते: सॉफ्टवेअर महिनाभर बाजूला ठेवा. आधी ‘एक कागद’ म्हणजे काय ते ठरवा आणि त्याची नोंद हाताने लिहा. शोध लागतो तो या नोंदीमुळे.

२९ एप्रिल १९५४ चा भारत-चीन करार घ्या. आपण सगळे त्याला पंचशील करार म्हणतो. कागदावरचं नाव मात्र लांबलचक आहे: चीनचा तिबेट प्रदेश आणि भारत यांच्यातला व्यापार आणि येणं-जाणं यांविषयीचा करार. शांततामय सहजीवनाची पाच तत्त्वं, म्हणजेच पंचशील, प्रास्ताविकात आहेत, पण इंग्रजी मजकुरात ‘पंचशील’ हा शब्दच नाही. म्हणजे तुमचं ओसीआर अक्षर न अक्षर बरोबर निघालं, तरी ‘पंचशील’ टाइप करणाऱ्या विद्यार्थ्याला नेमका तोच करार मिळणार नाही. ‘बीजिंग’ टाकलं तरी नाही, कारण तिथे ‘पेकिंग’ छापलंय. शिवाय त्याच दिवशी दोन्ही बाजूंनी एकमेकांना पत्रं दिली. तिबेटमधल्या यातुंग आणि ग्यांत्से इथल्या भारतीय लष्करी तुकड्या सहा महिन्यांत काढून घ्यायच्या, हा मोठा मुद्दा करारात नसून त्या पत्रांत आहे. ‘पीडीएफ म्हणजे कागद’ असं धरलंत तर कराराला जोडून छापलेली ही पत्रं त्याच्या पोटात गडप होतात. वेगळी काढलीत आणि जोडायची विसरलात, तर करार वाचणाऱ्याला त्यांचा पत्ताच लागत नाही. नोंदी वेगळ्या हव्यात आणि त्यांच्यात दुवा हवा.

माझ्याकडे या कराराची नोंद अशी आहे. अधिकृत नाव वरचं, रूढ नाव पंचशील करार. प्रकार द्विपक्षीय करार. ठिकाण पेकिंग, आजचं बीजिंग. सह्या भारतातर्फे एन. राघवन आणि चीनतर्फे चांग हान-फू यांच्या. मुदत आठ वर्षं, म्हणजे १९६२ पर्यंत. भाषा हिंदी, चिनी आणि इंग्रजी, तिन्ही मजकूर सारखेच प्रमाण. सोबतच्या पत्रांचे क्रमांक. प्रत कुठून घेतली, कोणत्या दिवशी घेतली, किती पानं. पहिल्या दहा नोंदींना प्रत्येकी अर्धा तास जातो, पुढे हात बसतो.

तारखेचा रकाना एकच ठेवू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. सहीची तारीख, अमलात आल्याची तारीख आणि प्रसिद्धीची तारीख, असे तीन रकाने हवेत. भारत-पाकिस्तान सिमला करारावर २ जुलै १९७२ अशी तारीख आहे, सह्या मध्यरात्र उलटल्यावर झाल्या, आणि तो अमलात आला ४ ऑगस्टला. यातली एकच तारीख ठेवलीत तर पुढे कुणीतरी तीच चुकीच्या अर्थाने उचलणार. गोव्याचं उदाहरण तर आपल्या अगदी जवळचं आहे. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ला झाली, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्लीतल्या करारात. १९६१ च्या आसपास शोधणाऱ्या गोव्याच्या अभ्यासकाला हा करार दिसायला हवा असेल, तर ‘संबंधित घटना’ असा वेगळा रकाना लागतो. या करारावर भारतातर्फे सही यशवंतराव चव्हाणांची आहे. इंग्रजी कागदांत ते ‘वाय. बी. चव्हाण’ असतात, आणि चव्हाण या आडनावाची रोमन स्पेलिंगं किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून माणसांची आणि गावांची एक वेगळी यादी करा. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली सगळी रूपं: सिमला-शिमला, सिलोन-श्रीलंका, चिनी पंतप्रधान चाऊ एन-लाय आणि झोउ एनलाय. कंटाळवाणं काम आहे, पण मला सगळ्यात जास्त समाधान याच यादीने दिलंय.

नमुना बघायचा असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या इतिहास कार्यालयाची ‘फॉरेन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स’ ही मालिका बघा. १८६१ पासून चालू आहे. त्यातला १९६९-७६ या काळाचा अकरावा खंड १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचप्रसंगाचा आहे, तो उघडा. प्रत्येक कागदाला स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचं पान आहे. पहिल्या तळटीपेत मूळ प्रत कोणत्या संग्रहात, कोणत्या पेटीत आहे आणि तिच्यावर गुप्ततेचा कोणता शिक्का होता ते येतं. जिथे मजकूर अजून खुला केलेला नाही, तिथे किती ओळी गाळल्या ते चौकटी कंसात छापलेलं असतं. वाचकाशी इतकं प्रामाणिक राहणं मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या स्कॅनमध्ये एखादं पान गायब असेल तर तेही असंच नोंदीत लिहा. या मालिकेचा मजकूर टीईआय पद्धतीच्या एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाला खुणा लावून ठेवायची पद्धत) असून त्या फाइली गिटहब या फाइली खुल्या ठेवायच्या संकेतस्थळावर आहेत. मांडणी कशी केलीय ते त्यात बघून शिकता येतं.

आपल्याकडे परराष्ट्र मंत्रालयाचं ‘फॉरेन अफेअर्स रेकॉर्ड’ हे मासिक १९५५ पासूनचं आहे. एका अंकात भाषणं, निवेदनं, करार असे कितीतरी कागद एकापाठोपाठ येतात, त्यामुळे अंक फोडून नोंदी कराव्या लागतात. संसदेची उत्तरं त्यामानाने सोपी. सभागृह, तारीख, प्रश्नक्रमांक आणि तारांकित (तोंडी उत्तराचा) की अतारांकित (लेखी उत्तराचा) एवढं घेतलं की ओळख पक्की होते.

आता तुमचा मूळ प्रश्न. ओसीआरसाठी टेसरॅक्ट पुरेसं आहे, देवनागरीही ते बऱ्यापैकी वाचतं. हिंदी पीडीएफ क्रुतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर तिच्यातून मजकूर कॉपी करू नका, नुसता कचरा येतो. पानाचं चित्र करून ओसीआर करा. सहाशे कागदांना मोठा सर्व्हर लागत नाही. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस आणि त्यातलं एफटीएस५ हे मजकूर शोधायचं साधन यावर आरामात भागतं. फक्त एक खाचखळगा आहे. त्यातला ‘युनिकोड६१’ हा शब्द तोडणारा भाग मूळ सेटिंगमध्ये मात्रा आणि अनुस्वार यांना अक्षरं मानत नाही, तिथेच शब्द तोडतो. दुहेरी कर टाळण्याच्या तरतुदी शोधायला मी ‘कर’ टाकलं, तर संग्रहातला झाडून प्रत्येक ‘करार’ समोर आला! काना हा तुकडा पाडण्याची जागा समजून त्याने ‘करार’चे ‘कर’ आणि ‘र’ केले होते. ‘कॅटेगरीज’ या सेटिंगमध्ये मात्रांचे गट वाढवले की हे थांबतं. मजकूर भरण्याआधीच ते करा, नाहीतर सगळी अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते.

मूळ फाइलीला कधी हात लावू नका. ओसीआर केलेली प्रत वेगळी ठेवा. आमच्या पहिल्या संग्रहात आम्ही मूळ संकेतस्थळाचा दुवा हीच कागदाची ओळख धरली होती. एका सरकारी संकेतस्थळाची मांडणी बदलली आणि एका रात्रीत आमच्या तीनशेवर नोंदी पोरक्या झाल्या. कुठला दुवा कुठल्या कागदाचा, हे जुळवण्यात दोघांचे चार महिने गेले. म्हणून क्रमांक तुमचा स्वतःचा हवा, तो कधीही बदलायचा नाही, आणि कागद काढून टाकला तरी तो क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही. मूळ दुवा, उतरवून घेतल्याची तारीख आणि फाइलचा हॅश (फाइल बदलली का ते ओळखायचा तिचा ठसा) नोंदीत असू द्या.

कायद्याचं थोडंच सांगते. सरकारी प्रकाशनांवर प्रकाशनापासून साठ वर्षं सरकारचा कॉपीराइट असतो, तेव्हा अलीकडच्या कागदांची पूर्ण प्रत चढवण्याआधी लेखी परवानगी मागा. नोंद आणि दुवा मात्र बिनधास्त द्या. माहिती अधिकारातून जुन्या फाइली मिळवायचा विचार असेल, तर परराष्ट्र संबंधांचा अपवाद कलम ८(१)(क) मध्ये आहे आणि वीस वर्षांनंतरही तो उठत नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर आधी शोधा, बऱ्याच जुन्या फाइली तिथे आहेत.

या आठवड्यात फक्त चाळीस कागद निवडा. पंचशील, सिमला आणि १९७४ चा पोर्तुगाल करार त्यात असू द्या, कारण नोंदीचा आराखडा कच्चा असेल तर तो या तिघांवरच मोडतो. साध्या स्प्रेडशीटमध्ये नोंदी करा आणि तक्ता इथे टाका. मी एकेक ओळ बघून देईन.