आईच्या हिरड्या हुळहुळतात आणि रक्त येतं, घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की आईच्या हिरड्या लाल होऊन हुळहुळतात, ब्रश लावला की रक्त येतं म्हणून तिने ब्रशच बंद केलाय आणि आता बोटाने मंजन लावते, वर शुगर पण आहे. मी डिचोलीला एका दातांच्या क्लिनिकमध्ये बरीच वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम केलंय, स्वतः डॉक्टर नाही, पण अगदी हेच सांगत आलेल्या आया-आज्या खूप बघितल्यात म्हणून लिहितेय. पहिल्यांदा ब्रश परत चालू करायला सांगा, बाकीचे उपाय त्याच्या नंतर.

रक्त येतं तिथे हात लावू नये असं कुणालाही वाटणारच, पण इथे नेमकं उलट होतं. दात आणि हिरडी जिथे टेकतात त्या कडेला एक चिकट थर जमतो, त्यातल्या जंतूंनी हिरडी सुजते आणि सुजलेल्या हिरडीतून नुसता धक्का लागला तरी रक्त येतं. बोट फिरवून दाताचा पुढचा भाग स्वच्छ होतो, कडेचा थर जागच्या जागी राहतो, त्यामुळे ब्रश बंद केला की सूज वाढते, रक्त जास्त येतं आणि माणूस आणखी घाबरतो. एकदम मऊ ब्रश आणा, पाकिटावर सॉफ्ट किंवा अल्ट्रा सॉफ्ट लिहिलेलं असतं, तो हिरडीच्या कडेला तिरका धरायचा आणि जोर न लावता छोटे छोटे गोल फिरवायचे, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. सुरुवातीचे काही दिवस रक्त येईल, येऊ दे. नीट घासलं तर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होत जातं.

आता आराम पडायला. मिठाच्या पाण्याइतकं साधं आणि बिनधोक दुसरं काही नाही, पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवायचं, अर्धा मिनिट तोंडात खळखळवून थुंकायचं, दिवसातून दोन-तीन वेळा आणि शक्यतो जेवणानंतर. ते पाणी गिळायचं नाही, बीपी असेल तर मुळीच गिळायचं नाही. आणि मीठ हिरडीवर चोळायचं नाही हं, खडे मीठ तर नाहीच, त्याने हिरडी सोलवटते. फारच हुळहुळत असेल तर बर्फाचा तुकडा स्वच्छ फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून थोडा वेळ धरायचा.

आपल्याकडे कुणी ना कुणी फेणीचा बोळा ठेवायला सांगतंच. नका ठेवू. तेवढ्यापुरतं बधिर वाटतं पण सुजलेल्या हिरडीवर फेणी म्हणजे भाजल्यावर तिखट लावण्यासारखं आहे. लवंगेचं तेल तसंच्या तसं लावलं तर तेही भाजतं. काही जण डोकेदुखीची गोळी हिरडीशी दाबून धरतात, त्याने तिथली कातडी पांढरी पडून सोलून निघते, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटतं, कारण ती बाई आधीच दुखणं घेऊन आलेली असते. नारळाच्या तेलाच्या गुळण्या करायच्या तर करू देत, पण ब्रशऐवजी नाही.

आई मशेरी लावते का हे एकदा प्रेमाने विचारून बघा, ओरडू नका. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, मग वाटतं मशेरीने बरं वाटतंय, आणि आत आजार मात्र चालूच राहतो.

खाण्यात काही दिवस उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, डाळ असं कोमट द्या. कडक भाकरी, सुकी मासळी, खूप तिखट हुमण म्हणजे माशांची आमटी थोडे दिवस बाजूला. सोलकढी आवडत असेल तर मिरची न घालता, आणि आंबट खाल्ल्या खाल्ल्या लगेच ब्रश नको, अर्धा तास जाऊ दे. तारल्यांचे बारीक काटे हिरडीत अडकून राहतात आणि दोन दिवसांनी तिथेच सूज येते, म्हणून मासे खाल्ल्यावर चूळ भरायची, अडकलंय असं वाटलं तर फ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरायचा, सुई आणि सेफ्टी पिन नको.

माउथवॉशचं म्हणाल तर अल्कोहोलवाला झोंबतो. क्लोरहेक्सिडिनचा डॉक्टर देतात तो चांगला असतो, पण तो थोड्याच दिवसांसाठी, जास्त वापरला की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तोंडाची चव जाते.

शुगरवाल्या माणसाला मात्र नुसत्या घरगुती उपायांवर ठेवू नका. शुगर वाढलेली असली की हिरडीची सूज लवकर उतरत नाही, आणि हिरडी सुजलेली राहिली की शुगर ताब्यात यायला जड जाते, दोन्ही एकमेकांना धरून असतात. तीन महिन्यांची शुगर तपासून किती दिवस झाले ते बघा. शिवाय कडेचा थर एकदा दगडासारखा घट्ट झाला की तो ब्रशने निघत नाही, मिठाच्या पाण्याने तर नाहीच, त्याला स्केलिंगच करावं लागतं, म्हणजे डेंटिस्टकडून तो थर खरवडून काढून घ्यायचा. स्केलिंगने दात हलायला लागतात असं आई म्हणेल, सगळ्याच म्हणतात. खरं म्हणजे आतलं हाड आधीच झिजलेलं असतं आणि त्या दगडाने दात धरून ठेवलेले असतात, तो निघाला की ते जाणवतं एवढंच. नंतर काही दिवस गार पाणी झोंबतं, ते कमी होतं.

पू येत असेल, एकाच बाजूला गाल सुजला असेल, ताप असेल, दात हलत असेल तर थांबू नका. तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा चट्टा असेल तरी तसंच. जवळचा डेंटिस्ट नाहीतर बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या बाजूचं गोवा डेंटल कॉलेज. जाताना आईच्या सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी घ्या, कारण बीपीच्या अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगतात आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही त्यांना आधी कळायला हवं, पण घरीच कुठलीही गोळी बंद करू नका. आणि तिला उपाशीपोटी नेऊ नका, नाश्ता आणि शुगरची गोळी नेहमीसारखी घेऊनच निघा.