उजवी लेन, ट्रकचा इंडिकेटर आणि उसाची ट्रॉली

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. पहिल्या वर्षी मीही अगदी हेच करायचो. तुम्ही लिहिलंय की दर शनिवारी पुण्याहून सोलापूरला येताना उजव्या लेनमधून ऐंशीने शांतपणे चालवता, तरी मागचे अप्पर (हेडलाइटचा मोठा झोत) मारतात. पुढचे ट्रक उजवी लेन सोडत नाहीत, मग डावीकडून काढावी का? ट्रकचा इंडिकेटर लागला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि पप्पा म्हणतात हॉर्न दाबून साइड माग, ते बरोबर का?

माझी ओळख एवढीच: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना, आणि गेली एकवीस वर्षं नमुने दाखवायला नि वसुलीला पुणे, हैदराबाद, विजापूर अशा फेऱ्या. गाडी स्वतःच चालवतो.

आधी कडू बोलतो. त्या अप्पर मारणाऱ्याची भाषा वाईट असेल, पण चूक तुमची आहे. उजवी लेन साइड मारण्यापुरती उसनी घ्यायची असते, काम झालं की परत डावीकडे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौपदरी रस्त्यावर कारसाठी कमाल १०० आणि मालगाड्यांसाठी ८० ची मर्यादा ठरवली (रस्त्यावरच्या फलकावर कमी आकडा असेल तर तोच खरा). म्हणजे ऐंशीने उजवीकडे बसलात की तुम्ही ट्रकच्या वेगाने चालताय आणि मागच्या प्रत्येकाला डावीकडून घुसायला लावताय. मागचा एकशेतीसने येत असला तरी त्याला अडवून शहाणपण शिकवायचं काम आपलं नाही. जाऊ द्या त्याला. आणि कुणी आपल्याला मागे टाकत असताना आपण वेग वाढवायचा नाही, हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. आपल्याकडे मात्र नेमकं त्याच वेळी लोकांच्या पायात बळ येतं.

आता ट्रकवाले. ते उजवीकडे का चिकटतात ते एकदा त्यांच्या केबिनमधून बघा. डावीकडे उसाचे ट्रॅक्टर, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या, टायर बदलत उभी असलेली गाडी, शिवाय जड वाहतुकीने पडलेल्या खाचा. भरलेल्या ट्रकचा वेग एकदा मोडला की तो परत धरायला गिअरमागून गिअर टाकत बसावं लागतं. चुकतात, पण कारण आहे. म्हणून मी तीन सेकंदांचं अंतर ठेवून (नव्वदला ते ७५ मीटर होतं) उजवा इंडिकेटर लावतो, दिवसा एक छोटा हॉर्न, रात्री एकदा डिपर (हेडलाइटची उघडझाप), आणि वाट बघतो. बहुतेक जण जागा मिळाली की सरकतात. अगदी बुडाला चिकटून हॉर्न वाजवत बसलात तर त्याच्या आरशात तुम्ही दिसतच नाही, आणि तुम्हालाही त्याच्यापुढचं काही दिसत नाही.

नाहीच सरकला तर? २०१७ च्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनुसार ओव्हरटेक उजवीकडून. डावीकडून काढायचा मुख्य अपवाद म्हणजे पुढच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिलाय आणि तो तसा सरकलाय. नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोजलं आहे: पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात सगळेच डावीकडून काढतात. मीही काढायचो.

सात-आठ वर्षांपूर्वी पुण्याहून परतताना शेटफळच्या अलीकडे, दिवेलागणीची वेळ. एक लांबलचक ट्रक उजवीकडून हलेना. मी वैतागून डावीकडून घातली. त्याच्या मधल्या चाकांपाशी आलो आणि ट्रक माझ्याकडे सरकायला लागला. इंडिकेटर नाही, काही नाही. त्याच्यासमोर दुभाजकाच्या फटीतून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल आली होती, ते मला नंतर कळलं. त्या क्षणी दिसत होते ते खिडकीला लागून फिरणारे चाकाचे नट, एकेक मोजता येतील असे. माझी डावी चाकं साइडपट्टीवर उतरली, मुरूम पत्र्यावर तडतडला, मागच्या सीटवरचा नमुन्यांचा गठ्ठा मानेवर आला. ट्रक निघून गेला. त्या ड्रायव्हरला मी तिथे होतो हे आजही माहीत नसेल. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे ट्रकची डावी कड ही त्याची सगळ्यात आंधळी बाजू. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच. आता मी मागे राहतो. घरी दहा मिनिटं उशिरा पोचतो, बायको विचारतही नाही.

उजवीकडूनसुद्धा ट्रकच्या शेजारी रेंगाळायचं नाही. गिअर खाली घ्या, सरळ पुढे व्हा, आतल्या आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट दिसले की इंडिकेटर देऊन डावीकडे या. लगेच त्याच्या नाकासमोर कट मारून ब्रेक दाबणारे महाभाग असतात. भरलेला ट्रक तुमच्याइतक्या अंतरात थांबत नाही.

ट्रकच्या इंडिकेटरचं उत्तर सोपं आहे: विश्वास ठेवू नका. कुणी डावा लावून ‘जा पुढे’ म्हणतो, कुणी उजवा लावून तेच म्हणतो, आणि कुणाला खरंच उजवीकडे वळायचं असतं. क्लीनरचा हात बाहेर आला तरी तेच. तो त्याचा अंदाज सांगतोय, समोरचा रस्ता तुमच्या डोळ्यांना दिसला पाहिजे. डिपरचंही तसंच. समोरून कुणी डिपर मारला तर आपल्या रस्त्यांवर बहुधा ‘मी येतोय, तू थांब’ असाच अर्थ घ्यायचा.

दिवाळीत मामांकडे गावाला जाणार म्हणालात. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर हिशेब वेगळा. ट्रक साठने चाललाय, तुम्ही ऐंशीने. वेगातला फरक सेकंदाला साडेपाच मीटर. मागचं-पुढचं वीस-वीस मीटर अंतर आणि दोन्ही गाड्यांची लांबी धरून छप्पन मीटर जास्त कापायचे, म्हणजे दहा सेकंद. तेवढ्यात तुम्ही सव्वादोनशे मीटर जाता, समोरचाही ऐंशीने तेवढाच येतो. साडेचारशे मीटर रस्ता मोकळा लागतो, तोही वर थोडी शिल्लक न ठेवता. वळण, चढाचा माथा, अरुंद पूल, चौक किंवा तुमच्या बाजूला अखंड रेषा असेल तर विषयच नाही.

उसाच्या हंगामात रात्री मात्र सगळं ज्ञान बाजूला ठेवा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडे बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मोहोळजवळ एकदा मला आधी दिसलं ते हेडलाइटच्या उजेडात हलणारं वाळलेलं पाचट, ट्रॉली नंतर. तो वीसने चाललेला असतो आणि तुम्ही नव्वदने, म्हणजे शंभर मीटरचं अंतर पाचेक सेकंदांत संपतं. मागची ट्रॉली शेपटीसारखी डुलते, म्हणून बाजूने जाताना आख्खी उजवी लेन घ्या. उजवीकडे मागून कुणी येत असेल तर ब्रेक मारा, ट्रॉलीमागे रांगत चला. नवरात्रात तुळजापूरहून ज्योत घेऊन धावणारी पोरं आणि त्यांच्यामागचा टेम्पो दिसला तरी हेच, फक्त तिथे हॉर्नही नको.

पप्पांचं अर्धं बरोबर आहे. हॉर्न ‘मी इथे आहे’ एवढं सांगायला, एकदाच. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राने २०१५ मध्येच बंदी घातली, तरी त्यांच्या पिढीला ती पाटी म्हणजे आमंत्रण वाटते.

आणि लांबोटीला चिवड्यासाठी थांबणार असाल तर एक किलोमीटर आधीच डावीकडे या. तिथे उजव्या लेनमधून अचानक तिरकी गाडी घालणाऱ्यांची कमी नाही. परत रस्त्याला लागताना आधी गाडीला डाव्या लेनमध्ये वेग धरू द्या, मग उजवीकडचं बघा. पुडी घरी जाऊनच फोडा, तेलकट हाताने स्टिअरिंग घसरतं.