खाली गाळे, वर घर: आधी रस्त्याची रुंदी पाहा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. वाचकांसाठी तुमची हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहता. घरची सहा एकर कोरडवाहू शेती आहे. १४ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावी, भाड्याच्या गाळ्यात यजमानांचं कृषी केंद्र आहे. त्याच गावात बाजाराच्या गल्लीत आजेसासऱ्यांचं माती-विटांचं जुनं घर आहे, रस्त्याकडून ४० फूट आणि आत ४५ फूट. ते पाडून खाली चार गाळे आणि मागे गोदाम, वर राहायचं घर, असा कॉन्ट्रॅक्टरने ३८ लाखांचा आराखडा दिला आहे. दोन एकर विकून आलेले १४ लाख एफडीत आहेत, बाकीचे २४ लाख कर्ज काढायचं. मुलगी दहावीत आहे. कॉन्ट्रॅक्टरला अक्षयतृतीयेला दोन लाख इसार हवा आहे. तुमचा प्रश्न असा, की देऊ का?

आत्ता देऊ नका. बांधूच नका असं मी म्हणत नाही. पण तुमचा सगळा हिशोब नगरपरिषदेच्या नकाशावरच्या एका रेषेवर उभा आहे आणि ती रेषा अजून तुमच्यापैकी कोणीच पाहिलेली नाही.

तुम्ही परवानगीचं विचारल्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "आजूबाजूले सगळे दुकानंच हायेत, तुम्हालेच कोन अडवते?" हे वाक्य मी दर महिन्याला कुणाच्या तरी तोंडून ऐकतो. शेजारची दुकानं जुनी आहेत. बरीचशी आजचे नियम येण्याच्या आधीची असतील आणि चालू वापर म्हणून चालतही राहतील. तुम्ही मात्र घर पाडणार आहात. पाडलं की जुनं संपलं, नव्या बांधकामाला आजचा नियम लागणार. आज राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांत डिसेंबर २०२० पासूनची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. इंजिनिअर मंडळी तिला यूडीसीपीआर म्हणतात. तिच्यात रहिवासी भागाचे दोन प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२. खाली दुकानं आणि वर घर असा मोकळा मिश्र वापर आर-२ मध्ये चालतो. आर-१ मध्ये तळमजल्यावर किराणा, शिंपी, डॉक्टरचा दवाखाना अशी रोजच्या गरजेची दुकानं चालतात, पूर्ण बाजारगाळे नाहीत. तुमची जागा यातल्या कशात बसते हे ठरतं समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. जुन्या दाट वस्तीत ९ मीटर किंवा जास्त असेल तर आर-२, कमी असेल तर आर-१. यात आजची रुंदी धरतात तशी विकास योजनेत, म्हणजे गावाच्या पुढच्या रस्त्यांच्या आणि जागावापराच्या मंजूर नकाशात, प्रस्तावित असलेली रुंदीही धरतात.

तुमच्या मुलीने टेप लावून गल्ली मोजली आणि फोटो पाठवला, याबद्दल तिला शाबासकी सांगा. टेपवर साडेचोवीस फूट दिसतात, म्हणजे साडेसात मीटरही पुरते नाहीत. आजच्या रुंदीवर तुमची जागा आर-१ मध्ये जाते आणि चार गाळ्यांचा आराखडा तिथेच अडतो.

त्याच फोटोत शेजारच्या ओट्याच्या भिंतीवर एक लाल बाण आहे. ऑइलपेंटचा, थोडा पुसट झालेला. तो कशाचा हे फोटोवरून सांगता येणार नाही. पण रस्ता रुंदीकरणाची आखणी करताना अशा खुणा मारतात. समजा विकास योजनेत तुमची गल्ली १२ मीटरची दाखवली आहे. मग तुम्ही आर-२ मध्ये आलात, दुकानं बसली. पण साडेसातचे बारा करायला साडेचार मीटर लागतात. दोन्ही बाजूंनी सारखे घेतले तर तुमच्या बाजूचे सव्वादोन मीटर, म्हणजे जवळपास साडेसात फूट गेले. कॉन्ट्रॅक्टरने आजच्या ओट्याच्या कडेपासून मोजून १८ फुटांचे गाळे, मागे २० फुटांचं गोदाम आणि शेवटी सात फूट मोकळी जागा काढली आहे. त्यातले साडेसात फूट वजा करा. गोदाम उरलं साडेबारा फुटांचं, आणि समोर नियमाप्रमाणे सोडायचं अंतर, पार्किंग अजून धरलेलंच नाही.

म्हणजे रस्ता रुंद होणार नसेल तर दुकानं अडतात आणि होणार असेल तर जागा जाते. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूने पाहिलं तरी हातातला आराखडा जसाच्या तसा उभा राहत नाही. रुंदीकरणात गेलेल्या जागेचा मोबदला मिळतो, पैशात किंवा टीडीआरच्या, म्हणजे दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकाम हक्काच्या रूपात. तेवढा एफएसआय, म्हणजे बांधकामाचं क्षेत्र, उरलेल्या भूखंडावर वापरायलाही मिळू शकतो. माझं मत विचाराल तर तालुक्याच्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक सापडणं कठीण. एफएसआय घेऊन वर वाढवलेलंच बरं. पण हे सगळं परवानगी घेऊन बांधणाऱ्याला. विनापरवाना गाळा प्रस्तावित रस्त्याच्या रेषेत आला, तर १९६६ च्या नगररचना कायद्याखाली तो पाडायची नोटीस येऊ शकते, आणि पाडायचा खर्चसुद्धा तुमच्याच माथी बसू शकतो.

तेव्हा या आठवड्यात यजमानांना नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात पाठवा. जागा कुठल्या विभागात येते ते सांगणारा झोन दाखला आणि विकास योजनेतला तुमच्या जागेपुरता भाग नकाशा असे दोन कागद मागायचे, अर्जाची पोच घ्यायची. मंजूर विकास योजना कुठल्या सालची आहे आणि सुधारित योजनेचं काम सुरू आहे का, हेही विचारायचं. वीस वर्षांच्या आसपासची जुनी योजना असेल तर नवी येऊ घातलेली असू शकते. नव्या योजनेचं प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकतींना ३० दिवस मिळतात. ते दिवस पेरणीच्या धांदलीत निघून गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. माझ्याच एका अशिलाच्या नव्या गाळ्याचं शटर आज आरक्षित रस्त्याच्या रेषेच्या चार फूट आत आहे. बांधकाम नियमाप्रमाणे पूर्ण झाल्याचं भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, आणि भाड्याने घेणाराही कुजबुज ऐकून भाव पाडून मागतो.

तिसरा कागद आखीव पत्रिका, म्हणजे गावठाणातल्या जागेचा मालकीचा सरकारी उतारा. तुम्ही लिहिलंय की ती अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. मग यजमानांचे काका, आत्या, भाऊ, बहिणी, सगळ्यांचा त्यात हिस्सा असू शकतो. वारस नोंदी लावून आणि ज्यांना हिस्सा नको त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घेऊनच पुढे जा. आत्याबाई गोड बोलतात म्हणून कागद सोडू नका. भिंती उभ्या राहिल्यावर जागेचा भाव दिसायला लागतो आणि बोलणं बदलतं. पत्रिकेवर धारणाधिकाराचा, म्हणजे जागा कुठल्या हक्काने तुमच्याकडे आहे त्याचा रकाना असतो, तोही वाचा. आपल्या विदर्भात जुन्या बाजारपेठेत नझूलचे, म्हणजे सरकारी मालकीचे, भूखंड भरपूर आहेत. तुमचा निघाला आणि तो राहण्यासाठी दिलेला पट्टा असला, तर खाली दुकानं काढणं हा शर्तभंग ठरू शकतो. निवासी नझूल पट्टे मालकी हक्कात करून देण्यासाठी शासनाने २०२४ मध्ये नागपूर आणि अमरावती विभागांपुरती विशेष अभय योजना आणली, बाजारमूल्याच्या २ टक्के भरून. तिला मुदत आहे. ती आज चालू आहे का, हे तहसील किंवा भूमि अभिलेख कार्यालयात आधी विचारा, कारण योजनेबाहेर हीच रक्कम बरीच मोठी होते.

आता पैशाचं. समजा नकाशा तुमच्या बाजूने निघाला आणि चार गाळे बसले. एकात तुमचं कृषी केंद्र, तीन भाड्याने, प्रत्येकी ७,००० रुपये. तुम्ही बारा महिन्यांचं भाडं धरलंय, मी दहाच धरतो. लहान बाजारात गाळा महिना-दोन महिने रिकामा राहतो, आणि जून ते सप्टेंबर भाडेकरूकडेही पैसा नसतो. वर्षाचे २ लाख १० हजार झाले. तुमच्या आजच्या गाळ्याचं महिन्याचं ६,००० भाडं वाचेल, ते ७२ हजार. मालमत्ता कर आणि डागडुजीचे २५ हजार वजा. राहिले २ लाख ५७ हजार. २४ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी १५ वर्षांसाठी काढलं तर हप्ता महिन्याला सुमारे २५,८०० आणि वर्षाला ३ लाख १० हजारांच्या आत-बाहेर. दरसाल ५० हजारांवर कमी पडतात. आणि हे बँकेने सगळं गृहकर्जाच्या दराने दिलं तर. साधारणपणे दुकानांच्या भागाला बँक व्यावसायिक दर लावते.

पण मला या पन्नास हजारांपेक्षा जास्त खटकलं ते तुमच्या पत्रातलं एक साधं वाक्य. "दरवर्षी मे महिन्यात एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून आम्ही बियाण्याचा माल उचलतो." ताई, ती एफडी म्हणजे तुमच्या दुकानाचा जीव आहे. ती चौदाच्या चौदा लाख सिमेंटमध्ये गेली तर पुढच्या मे महिन्यात माल कशावर उचलणार? डिस्ट्रिब्यूटरच्या उधारीवर घेतला तर त्याचं व्याज मालाच्या भावातच लागून येतं. तुमची गावातली उधारी तर कापूस विकल्याशिवाय वसूल होत नाही. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला, आणि तुमच्या घरात पैसा येतो तो दिवाळीनंतर.

म्हणून माझा सल्ला असा. पाच लाख एफडीतच ठेवा, खेळतं भांडवल म्हणून. दोन लाख मुलीच्या अकरावी-बारावीसाठी वेगळे. बांधकामाला सात लाख. त्यात थोडं कर्ज घालून फक्त तळमजला करा, पण परवानगी दोन मजल्यांच्या नकाशाची घ्या आणि पाया-कॉलम दोन मजल्यांचे टाका. बांधकाम परवानगी एका वर्षाची असते आणि नूतनीकरण करून आणखी तीन वर्षं चालते, हे वर चढवायचं नियोजन करताना ध्यानात ठेवा. तळमजल्याला मी १९ लाख धरतो. १२ लाखांचं कर्ज ११ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी, हप्ता साधारण १६,५००, वर्षाला १ लाख ९८ हजार. २ लाख ५७ हजारांतून तो जाऊन ५९ हजार उरतात. वर घर आत्ता होणार नाही आणि १४ किलोमीटरची ये-जा अजून काही वर्षं चालेल, हे मला माहीत आहे. तुम्हाला ते घर किती हवंय हेही पत्रातून कळतं. तरीही मी हेच सांगेन.

कॉन्ट्रॅक्टरच्या अंदाजात विकास शुल्क दिसत नाही आणि व्यावसायिक वापराला त्याचा दर निवासीपेक्षा जास्त असतो. बांधकामाच्या खर्चावर १ टक्का कामगार उपकर आहे. आर्किटेक्टची फी, वेगवेगळे वीजमीटरही आहेत. दीड लाख बाजूला धरा.

करांचं फार मनावर घेऊ नका. विकलेली शेती तुमच्या खेड्यात, शहराच्या हद्दीपासून दूर, त्यामुळे त्यावर भांडवली नफ्याचा कर बसत नाही. भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. एकच गोष्ट सीएला विचारा. कृषी केंद्राची जीएसटी नोंदणी यजमानांच्या नावावर असेल आणि गाळेही त्यांच्याच नावावर, तर दुकानभाड्यावर १८ टक्के जीएसटी लावावा लागतो. चपलांचं दुकान टाकणारा लहान माणूस वरचे १,२६० देणार नाही, ते तुमच्या ७,००० मधूनच जातील. हक्कसोडपत्र करताना जागा कोणाच्या नावावर येते, याचा विचार म्हणूनच आधी करा.

गाळे देताना करार नोंदणीकृतच हवा. मुदत संपल्यावर लवकर ताबा मिळण्याची सोय १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे, पण ती राहण्यासाठी दिलेल्या जागेपुरती. दुकानदार बसून राहिला तर दिवाणी कोर्टाची वाट. भाडेकरू निवडताना भाड्याच्या रकमेपेक्षा माणूस पाहा.

आणखी एक, जे माझ्या कामाच्या थोडं बाहेरचं आहे. तुमच्या मागच्या गोदामात कीटकनाशकं राहणार आणि वरच्या मजल्यावर तुम्ही झोपणार. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यातली किती माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. कीटकनाशकं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावी लागतात, आणि बियाणं, खतं, कीटकनाशकं या तिन्ही परवान्यांवर जागेचा पत्ता असतो. स्थलांतराची नोंद कृषी विभागाकडे करून घ्यावी लागेल. साडेबारा फुटांच्या गोदामात ती वेगळी, हवेशीर, बाहेरून दार असलेली खोली बसते का, हे आर्किटेक्टकडून कागदावर काढून घ्या. बसत नसेल तर औषधांसाठी आजचा भाड्याचा गाळा ठेवा. वर्षाचे ७२ हजार वाचणार नाहीत, वरचे ५९ हजार शिल्लक राहणार नाहीत आणि १३ हजारांची तूट येईल. मग कर्ज १२ ऐवजी ११ लाखांचं करून एक लाखाचं काम पुढे ढकला. हप्त्यात वर्षाला साडेसोळा हजार कमी होतात आणि मेळ बसतो.

आणि दाखल्यात रस्ता ९ मीटरच्या आतच निघाला, रुंदीकरणही नाही, तर गाळ्यांचा विषय सोडून द्या. घराचे पत्रे आणि मागची भिंत दुरुस्त करा, एफडी आहे तशी राहू द्या.

कॉन्ट्रॅक्टरला सांगा, भूमि अभिलेखची मोजणी होऊन भाग नकाशा हातात आल्यावर बोलू. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांनाही उभं करा आणि तो लाल बाण कशाचा, हे मोजणीदाराला नक्की विचारा. दाखला मिळाला की त्याचा फोटो पाठवा, मी आकडे पुन्हा मांडून देतो.