कोरण्याआधी ससा नीट पाहा

तुमच्या ससा कोरलेल्या मातीच्या वाडग्याचा फोटो पाहिला. हात चांगला आहे, पण गर्रूस या जुन्या इराणी भांड्यांची नक्कल करताना तुम्ही नुसत्या रेघा ओढल्यात. वायव्य इराणमधल्या या भांड्यांत, साधारण 12व्या-13व्या शतकातल्या, खरं काम उलट चालतं. लाल मातीवर पांढऱ्या मातीचा पातळ थर, म्हणजे स्लिप, द्यायची आणि प्राण्याभोवतीची स्लिप खरवडून काढायची. प्राणी पांढरा उरतो, मागची जमीन गडद दिसते. वरून पारदर्शक किंवा हिरवं ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप. नुसत्या रेघेचं काम त्याच भागातल्या आगकंदच्या भांड्यांत पाहा. तिथे कोरलेली रेघ शेजारचे रंग एकमेकांत मिसळू देत नाही. तांबं या धातूपासून येणारा हिरवा रंग तरी थोडा ओघळतोच, आणि मला तो ओघळच आवडतो!

घाई इथे नडते. स्लिप ओली असेल तर कडा फाटतात, फार वाळली तर टवके उडतात. नखाने स्वच्छ ओरखडा उठला की सुरू करा.

आता ससा. तो वाडग्याच्या मधोमध चिकटवू नका. जुने कारागीर पाठीची कमान भांड्याच्या गोलाईला जुळवत, कान मागे टाकत, उरलेल्या जागेत वेलपत्ती भरत. सिंह, पक्षी नंतर घ्या.

आणि हो, जुन्या पुस्तकांत गर्रूस भांड्यांना ‘गबरी’ म्हटलेलं दिसेल. गबर म्हणजे जरथुश्त्री, इराणमधला इस्लामपूर्व धर्म मानणारा. ते नाव व्यापाऱ्यांनी चिकटवलेलं. भांडी इस्लामी काळातलीच आहेत.