'वेअर' म्हणजे घालणे की घातलेले असणे?

प्रश्न असा आहे: जपानी सहकाऱ्यांना इंग्रजी संभाषण शिकवताना 'वेअर' या साध्या शब्दापाशी गाडी अडते. त्यांच्या भाषेत त्याला एकच एक प्रतिशब्द नाही, मग तो समजावायचा कसा?

एक प्रतिशब्द नाही हे खरं. शर्ट, कोट, किमोनो अंगात घालायचे तर 'किरु' ('किमोनो'तला 'कि' तोच). कमरेखाली जे चढतं त्याला 'हाकु': पँट, मोजे, बूट, किमोनोवर नेसायचा हाकामासुद्धा. टोपीला 'काबुरु', चष्म्याला 'काकेरु', टायला 'शिमेरु', अंगठीला 'हामेरु'. साडी नेसणाऱ्या, फेटा बांधणाऱ्या, शाल पांघरणाऱ्या आपल्या भाषेला याचं नवल नाही. पण माझ्या मते विद्यार्थी इथे अडत नाहीत. पाच-सहा क्रियापदं सोडून एकावर यायचं, तर ओझं हलकंच होतं.

घोटाळा होतो तो क्रिया आणि स्थिती यांत. 'हाकु' म्हणजे पायात चढवणं. चढवून झालं, बूट आता पायात आहेत, हे सांगायला 'हाइते इरु'. इंग्रजीत 'वेअर' ही स्थिती, चढवण्याला 'पुट ऑन'. विद्यार्थी मात्र 'वेअर म्हणजे किरु, हाकु' असं पाठ करतो आणि दारात बुटाची नाडी बांधता बांधता म्हणतो, 'वेट, आय अ‍ॅम वेअरिंग माय शूज.' ऐकणाऱ्याला वाटतं, बूट तर घातलेले आहेत, मग थांबायचं कशासाठी? (हे वाक्य आपल्याकडेही सर्रास ऐकू येतं.)

मराठीत 'ती साडी नेसतेय' आणि 'तिने साडी नेसली आहे' ही रूपं स्वच्छ वेगळी आहेत. जपानी 'हाइते इरु' संदर्भाप्रमाणे दोन्हीकडे चालतं, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. त्यावर त्यांच्याच भाषेतली कसोटी द्या: 'हाइते इरु तोकोरो', म्हणजे 'आत्ता घालतोच आहे', असं म्हणता येत असेल तर 'पुटिंग ऑन', नसेल तर 'वेअरिंग'.

'वेअर' एकटा शिकवूच नका. 'पुट ऑन', 'वेअर', 'टेक ऑफ' असा क्रम खरोखरचा कोट हातात घेऊन करून दाखवा. काढण्यासाठी जपानीत कपडे-बुटांना 'नुगु' आणि चष्मा-अंगठीला 'हाझुसु' लागतं. 'टेक ऑफ' दोन्हीला पुरतं, तेही लगेच सांगून टाका. अत्तर, दाढी आणि चेहऱ्यावरचं हसूसुद्धा इंग्रजी माणूस 'वेअर' करतो, पण ते कपड्यांवर हात बसल्यानंतर.